भरलेलं बॅरल

आधी बोटांची टोकं गेली.
गेली म्हणजे आहेत, सुपावर दिसतात मला,
फक्त पान ओलं आहे की कोरडं
ते सांगत नाहीत.
मग तळपाय.
फरशीवर चालते तर खाली कुणी
कापूस पिंजून पसरलाय.
मागावरच्या माणसाची पोर मी,
कापसाची सवय आहे,
पण तो हातात असायचा.

चेकरनं त्या आठवड्यात कट्टे उसकटले.
छाट. छाट. हेही छाट.
"भूदेवीअक्का, तुमचा हात असा नव्हता,"
म्हणाला, मान वर न करता.
मी हात पुढे केला.
दिसायला तर तोच होता.

मोठ्या दवाखान्यातली पोर
(डॉक्टरच होती, माझ्या श्रीलतापेक्षा लहान)
थरथरता चिमटा अंगठ्यावर टेकवून म्हणाली,
"थांबलं की सांगा."
थांबणार काय, सुरूच झालं नव्हतं.
"बी-बारा," ती म्हणाली.
मला वाटलं घराचा नंबर विचारते.
म्हटलं, बी नाही, सी. सी-चौदा,
कुंभारीला, विडी घरकुलात.
ती हसली. मग हसू पुसून म्हणाली,
गोळी तुमच्या पोटाला लागत नाही,
सुईच. महिन्याला एक.
कधीपर्यंत ते तिनं कागदावर लिहिलं,
मी घरी वाचून घेतलं:
आयुष्यभर.

सुई लाल होती.
आमचे हे डाइंगला होते तेव्हा
नखांत जो लाल घेऊन घरी यायचे,
अगदी तो.
चौथ्या महिन्यात एका रात्री
दोरा लागला बोटाला.
साधा दोरा, सुतळीएवढा जाड लागला!
मी श्रीलताला झोपेतून उठवलं,
नुसतं सांगायला.

मग कामगार दवाखाना.
कार्ड आहे, कार्डावर फोटो आहे, फोटोवर शिक्का आहे,
औषध नाही.
सोमवारी या.
सोमवारी औषध आलंय,
कपाटाची चावी ज्यांच्याकडे, ते रजेवर.
एक हेलपाटा म्हणजे अर्धा हजार विड्या.
दुकानातून आणली तर टोचायला कुणी नाही,
टोचणारा भेटला तर म्हणे चिठ्ठी जुनी,
नवी चिठ्ठी देणारी ती पोर
बदली होऊन गेली लातूरला.

नव्या साहेबांनी रक्त मागितलं. दिलं.
कागद बघून खूश झाले.
"सगळं नॉर्मल आहे की! बंद करा आता."

साहेब,
आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं.
त्या दिवशी आम्ही बॅरल भरतो, घागरी भरतो,
चहाची किटलीसुद्धा भरतो.
नेमके तेव्हा तुम्ही आलात,
बॅरल काठोकाठ बघितलं
आणि म्हणालात,
या बाईकडे पाणी भरपूर आहे, नळ तोडा.

हे मी बाहेर आल्यावर म्हटलं.
आत मी "बरं" म्हटलं.
आणि येताना रिक्षात तेलुगूत एवढं बोलले
की रिक्षावाला म्हणाला,
अक्का, मला कशाला सांगताय?

आज अकरा आठवडे झाले.
अंगठ्याखाली परत कापूस.
पान आता ओठाला लावून बघते,
ओठांना अजून कळतं.
श्रीलता गारमेंटवरून येते, हात धुते,
सूप ओढून घेते.
माझ्या हजारात तिच्या चारशे.
चेकर म्हणतो, "हात परत आला की तुमचा."
मी मान हलवते.

उद्या सोमवार.
कार्ड, जुनी चिठ्ठी, नॉर्मलचा कागद
पिशवीत घातलेत,
नॉर्मलचा सगळ्यात खाली.
पहाटे पाणी यायचंय.
नळाखाली आधी हात धरीन,
मग बॅरल.